वालचंद हिराचंद : जहाज, विमान, मोटार आणि एका ठेकेदाराची केस

सांगलीत इंजिनिअरिंगला होतो तेव्हा चार वर्षं आम्ही दिवसातून दहादा "वालचंदला आहे" असं सांगायचो, रिक्षावाल्याला, मेसच्या काकूंना, एसटीत शेजारी बसलेल्याला, आणि या चार वर्षांत वालचंद हा माणूस कोण होता हे मला एकदाही कुणी विचारलं नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. बरं, गंमत अशी की ते कॉलेज त्यांनी काढलेलंच नाही. १९४७ला धोंडूमामा साठ्यांनी ते सुरू केलं आणि वालचंद गेल्यावर दोन वर्षांनी, १९५५ला, देणगी मिळाल्यावर त्यांचं नाव लागलं. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे सगळं याच्या उलटं आहे. जे त्यांनी खरंच स्वतः काढलं, बंगळुरूचा विमान कारखाना, विशाखापट्टणमचा जहाज कारखाना, त्यावर त्यांचं नाव कुठेही नाही.

आता केस स्टडी म्हणून बघायचं तर प्रश्न असा. एका माणसानं परक्या सरकारच्या काळात, ते सरकार कधी दुर्लक्ष करतंय कधी सरळ आडवं येतंय अशा परिस्थितीत, जहाज वाहतूक, विमान, जहाजबांधणी आणि मोटार एवढे धंदे उभे केले. त्यातले दोन सरकारनं विकत घेतले. मग हा माणूस जिंकला का हरला? आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत, एक म्हणजे उद्योगमहर्षी वगैरे म्हणून हार घालायचा आणि दुसरं म्हणजे सरकारनं बिचाऱ्याचं सगळं हिसकावून घेतलं म्हणून हळहळायचं. मला दोन्ही पटत नाहीत. माझ्या मते वालचंद शेवटपर्यंत ठेकेदार होते, आणि हे मी मोठं कौतुक म्हणून म्हणतोय.

सुरुवात कुठून झाली

२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थिरावलेलं दिगंबर जैन घराणं, सावकारी आणि कापसाचा धंदा. जन्मानंतर लगेच आई गेली. १८९९ला मॅट्रिक, मग मुंबईत सेंट झेवियर्स, पुण्यात डेक्कन कॉलेज, आणि डिग्री न घेताच घरी परत. घरी काय तर पेढीवर बसायचं, जे त्यांना जमत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. (वालचंद मराठी का गुजराती हा वाद नेटवर दर सहा महिन्यांनी निघतो. सोलापूरला जन्मलेला आणि इंदापूर-मालेगावच्या माळावर ऊस लावणारा माणूस अजून किती मराठी व्हायला पाहिजे मला माहीत नाही.)

तेवढ्यात भेटले लक्ष्मण बळवंत फाटक. हे रेल्वेत कारकून होते, म्हणजे टेंडर कसं निघतं, भाव कसा भरायचा, कुठल्या साहेबापुढे कागद जातो हे सगळं यांना तोंडपाठ, फक्त हातात पैसा नाही. वालचंदांच्या घरी पैसा आहे पण धंदा नाही. जमलं. फाटक-वालचंद कंपनीचं पहिलं काम म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचा येडशी ते तडवळे हा तुकडा, जेमतेम सात मैल. बार्शी लाइट ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, कुर्डुवाडीहून बार्शीला जायची आणि तिथून पुढे ती वाढवायचं काम चाललं होतं.

सात मैलाचं मातीकाम म्हणजे काय फार मोठं नाही असं वाटेल, पण ज्यानं आयुष्यात एकदा तरी सरकारी काम घेतलंय त्याला माहितीय की यात सगळी शाळा होऊन जाते. मजुराला बाजाराच्या दिवशी रोख पैसे द्यावे लागतात, साहेबाचं बिल मात्र महिनोन्‌महिने निघत नाही. मधला खड्डा तुम्ही भरायचा. भराव पावसात वाहून गेला तर तुमच्या खिशातून. मोजमापाच्या वहीत इंजिनिअरनं सही करेपर्यंत तुमचं काम झालेलंच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम पूर्ण झालं की रूळ तुमचे नसतात, तुम्ही तंबू उचलून पुढच्या कामाला जायचं. ही शेवटची गोष्ट मला वाटतं वालचंदांच्या अंगात मुरली.

पुढे टाटांबरोबर १९२०ला टाटा कन्स्ट्रक्शन, बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला तानसाचं पाणी आणणारी पाइपलाइन, सिंधू नदीवर कालाबागचा पूल. आज इंद्रायणीनं खंडाळ्याच्या बोगद्यात शिरताना मोबाइलची रेंज जाते म्हणून आपण चिडतो, त्यातलं काम या माणसाच्या कंपनीचं होतं. १९२६ला हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन आणि त्याच वर्षी इंडियन ह्यूम पाइप. ह्यूम पाइप हा शब्द तर आता गावच्या मराठीत असा मिसळलाय की ओढ्यावर काय टाकलंय विचारलं तर पोरगंसुद्धा ह्यूम पाइप म्हणतं, ह्यूम कोण ते कुणाला माहीत नाही (ऑस्ट्रेलियातला एक जण होता, सिमेंटचे नळ फिरवून काढायची पद्धत त्याची).

जहाजाची भानगड

१९१९. वालचंद दिल्लीहून मुंबईला रेल्वेनं येतायत, डब्यात एक इंग्रज भेटतो, गप्पांत कळतं की ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं एक जहाज विकायला निघालंय. जहाजाचं नाव लॉयल्टी. आधीचं नाव एम्प्रेस ऑफ इंडिया, १८९१ला इंग्लंडात बांधलेलं, कॅनडियन पॅसिफिक कंपनीचं पॅसिफिकवर चालणारं पॅसेंजर जहाज, महायुद्धात हॉस्पिटल म्हणून वापरलेलं. म्हणजे अठ्ठावीस वर्षांचं म्हातारं. वालचंदांना जहाजातलं काहीही कळत नव्हतं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेऊन २७ मार्चला कंपनी नोंदवली, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, आणि ५ एप्रिलला, म्हणजे नवव्या दिवशी, लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालंसुद्धा. वालचंद स्वतः बोटीवर.

आज हा ५ एप्रिल राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून साजरा होतो, १९६४पासून. पण त्या दिवसाच्या भाषणांत लॉयल्टीचं पुढे काय झालं हे सहसा येत नाही. जहाज जुनं, खर्चिक, प्रवासी नेण्यासाठी बांधलेलं, चालवायला परवडेना, उभं करून ठेवलं आणि १९२३ला मुंबईतच भंगारात दिलं. म्हणजे ज्या जहाजाचा आपण दिवस साजरा करतो ते धंदा म्हणून साफ तोट्याचं. कंपनी जगली ती मागून घेतलेल्या मालवाहू जहाजांवर.

आणि खरी लढाई तर इथे सुरू झाली. समोर कोण तर ब्रिटिश इंडिया आणि पी अँड ओ या इंग्रज जहाज कंपन्या, दोन्हीचे प्रमुख लॉर्ड इंचकेप. यांची जुनी पद्धत म्हणजे नवीन कुणी पाण्यात उतरला की भाडं पाडायचं, एवढं पाडायचं की समोरचा बुडेल, आणि तो बुडला की परत वाढवायचं. १८९०च्या दशकात जमशेटजी टाटांची जहाजं याच पद्धतीनं बंद पाडली. तुतिकोरीनच्या चिदंबरम पिळ्ळैंची १९०६ची स्वदेशी कंपनी अशीच संपवली आणि त्यांना स्वतःला राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात जावं लागलं. सिंधियावर हाच प्रयोग झाला, भाडी पाडली, मग कंपनी विकत घ्यायची ऑफरही आली. ती नाकारली.

मग वालचंदांपुढे १९२३ला काय पर्याय होते? लढत राहायचं तर तिजोरी आटतेय, विकायचं तर विषय संपला. तिसरा पर्याय म्हणजे अपमान गिळून करार करायचा. त्यांनी तो केला. दहा वर्षांचा करार, सिंधियानं हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच राहायचं, जहाजं किती ठेवायची त्यालाही मर्यादा. स्वदेशीवाल्यांना हे काही आवडलं नाही आणि स्वतः वालचंदही त्यावर खूश नव्हते. पण मला विचाराल तर अख्ख्या करिअरमधला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे, ५ एप्रिलपेक्षा कितीतरी. टाटा आणि पिळ्ळै यांच्यापेक्षा वालचंद जास्त देशभक्त नव्हते, जास्त श्रीमंतही नव्हते, फक्त ठेकेदार होते. बिल आज निघत नसेल तर साहेबाशी भांडून काम सोडायचं नसतं, मजूर टिकवून धरायचे असतात. कराराच्या छायेत कंपनी दहा वर्षं जगली आणि तेवढ्यात किनारी वाहतूक देशी जहाजांना राखून ठेवा ही मागणी विधिमंडळापर्यंत नेली (१९२८चं हाजी यांचं बिल). १९२९ला नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात गेले आणि वालचंद अध्यक्ष झाले, ते १९५०पर्यंत. स्वातंत्र्य मिळाल्यावर काही वर्षांतच किनारी वाहतूक राखीव झालीसुद्धा.

१९३९ ते १९४२, हा केसचा गाभा

१९३९ला वालचंद अमेरिकेला गेले ते मोटारीसाठी. विश्वेश्वरय्या बरीच वर्षं हिंदुस्थानात मोटार कारखाना काढा म्हणून मागे लागलेले होते. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी १९४०ला करार झाला. याच दौऱ्यात विमानात भेटला विल्यम पॉली, जो चीनमध्ये विमानं जोडायचा कारखाना चालवत होता. आता बघा, माणूस मोटारीसाठी निघालाय, विमानात बसलाय, शेजारचा विमानं बनवतो म्हटल्यावर याच्या डोक्यात लगेच आपण का नाही. रेल्वेच्या डब्यात जहाज सापडलं तसंच हे. आपण दहा तास प्रवास करतो आणि शेजारच्याशी एक शब्द बोलत नाही.

दिल्लीच्या सरकारचं आधी थंडं होतं. हिंदुस्थानात विमानं कशाला, ती इंग्लंडमध्ये होतात की. मग १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि एकदम सगळ्यांना जाग आली. जागा आणि पैसा मात्र दिल्लीनं नाही, म्हैसूर संस्थानानं दिला. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरूजवळ ७०० एकर जमीन काढून दिली, भांडवलात वाटा उचलला. २३ डिसेंबर १९४०ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट नोंदली गेली. १९४१च्या पावसाळ्यात पहिलं हार्लो ट्रेनर विमान जोडून तयार. जेमतेम आठ महिने, यंत्रं अमेरिकेहून युद्धाच्या समुद्रातून यायची, कारागीर इथेच तयार करायचे. ते सुट्ट्या भागांतून जोडलेलं होतं, इथे डिझाइन केलेलं नव्हतं, हे मान्यच. पण आज आपल्याकडे सोसायटीच्या लिफ्टची परवानगी आठ महिन्यांत येत नाही.

आणि हे एकच चाललेलं नव्हतं. २१ जून १९४१ला, म्हणजे इकडे विमान जोडणं चालू असताना, विशाखापट्टणमला जहाज कारखान्याची पायाभरणी झाली, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. आधी कलकत्ता ठरलं होतं पण तिथल्या पोर्टवाल्यांकडून जागेचं जमेना. परक्या सरकारच्या डोळ्यांदेखत काँग्रेसच्या पुढाऱ्याला बोलावून पायाभरणी करायची आणि त्याच सरकारकडून स्टीलचा कोटा मागायचा, हा धीटपणा म्हणा का बेफिकिरी. मोटारीचं मात्र सरकारनं अडवूनच धरलं, युद्धाच्या कामाला हे आवश्यक नाही म्हणून डॉलर आणि सवलती मिळेनात.

मग डिसेंबर १९४१ला जपान युद्धात उतरला आणि पुढच्या एप्रिलमध्ये सगळं एकदम आलं. ६ एप्रिल १९४२ला विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले, जहाज कारखान्याचं काम रखडलं. आणि त्याच एप्रिलमध्ये सरकारनं बंगळुरूचा कारखाना आपल्याकडे घेतल्याचं जाहीर केलं. सरकार आधीच १९४१ला भागीदार झालेलं होतं, आता वालचंद आणि त्यांच्या साथीदारांचा हिस्सा विकत घेतला. म्हैसूरचा वाटा राहिला. वालचंद बाहेर.

इथे लोक म्हणतात अन्याय झाला. असेलही. पण दुसरा रस्ता कोणता होता ते बघा. विमान कोण विकत घेणार? सरकार. युद्धात कच्चा माल, परवाना, यंत्रं आणायला जहाजात जागा कोण देणार? सरकार. शत्रू दाराशी आल्यावर लढाऊ विमानांचा कारखाना खाजगी माणसाकडे कुठलं सरकार ठेवेल? एकच गिऱ्हाईक, तोच पुरवठादार आणि तोच परवाना देणारा असला की मालकी ही नुसती कागदावर असते. हे वालचंदांना १९४०लाच दिसलं नसेल असं मला वाटत नाही, येडशीच्या रुळांपासून हाच धंदा चाललेला होता. तरी त्यांनी आधी कारखाना उभा केला, मालकीचं नंतर बघू. पैसा पूर्ण जमायच्या आत काम सुरू करायची ही सवय त्यांना आयुष्यभर नडली, आणि तीच सवय नसती तर बंगळुरूला तेव्हा माळच असता.

जहाज कारखान्याचंही पुढे तेच. १४ मार्च १९४८ला जलउषा पाण्यात सोडलं, नेहरूंच्या हस्ते, आठ हजार टनी. स्वतंत्र देशात बांधलेलं पहिलं मोठं आगबोटीचं धूड, पण एक जहाज बांधायला विलायतेपेक्षा जास्त खर्च यायचा आणि तो फरक सरकारशिवाय कोण भरणार. १९५२ला सरकारनं दोन तृतीयांश हिस्सा घेतला, १९६१ला उरलेला.

वालचंद हे बघायला धडपणे राहिलेही नाहीत. १९४९ला अर्धांगवायूचा झटका, १९५०ला सगळ्यातून निवृत्त, ८ एप्रिल १९५३ला गुजरातेत सिद्धपूरला गेले. मागे सगळा कारभार भाऊ आणि पुतण्यांकडे.

मागे काय राहिलं

इथे हिशोब मजेशीर होतो. जे हातातून गेलं ते टिकलं. हिंदुस्तान एअरक्राफ्टचं १९६४ला हिंदुस्तान एरोनॉटिक्स झालं, तेजस आणि ध्रुव तिथेच होतात. विशाखापट्टणमचा कारखाना २०१०पासून संरक्षण खात्याकडे आहे आणि चालू आहे. आणि जे घरच्या किंवा मित्रांच्या हातात राहिलं त्यातलं बरंचसं विरघळलं. सिंधिया कर्जात बुडाली. बॅलार्ड इस्टेटला सिंधिया हाउस उभं आहे, त्यात इन्कम टॅक्सवाले बसायचे, २०१८ला तिथे आग लागली तेव्हा टीव्हीवर नाव आलं तेवढंच.

मोटारीचं जास्त लागतं मनाला. प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ची, कारखाना कुर्ल्याला, आधी क्रायस्लरच्या डॉज-प्लिमथ आणि ट्रक, पन्नासच्या दशकापासून फियाट. १९६४ची फियाट ११०० डिलाइट, तिचंच १९७४पासून नाव पद्मिनी. आमच्या मामांची होती. गिअर खाली नाही, स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला दांडा, पुढची सीट सलग त्यामुळे पुढे तिघं आणि मागे मोजायचीच नाहीत. थंडीत चोक ओढून धरायचा, सुरू झाली की लगेच सोडायचा नाही, नाहीतर मामा ओरडायचे. या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, आणि तिथेच घात झाला असं मला वाटतं. नंबर लावलेलं गिऱ्हाईक असलं की कंपनी गाडी सुधारत नाही. जुन्या मॉडेलवर पंचवीस वर्षं निघाली, मारुती आली, संप झाले, पूजो आणि फियाटबरोबरचे प्रयोग फसले, आणि २००० सालाच्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. वालचंदांना ज्या मोटारीसाठी सरकार परवानगी देत नव्हतं ती मोटार पुढे सरकारच्याच परवाना पद्धतीच्या सावलीत सुस्तावून गेली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या शेवटी रस्त्यावरून उतरली, शेवटच्या नोंदणीला वीस वर्षं झाली म्हणून.

रावळगावचंही ऐकलं असेल. मालेगावजवळची पडीक जमीन १९२३ला घेऊन ऊस, मग साखर कारखाना, १९४२पासून गोळ्या. पान पसंद, मँगो मूड, आणि शाळेबाहेरच्या बरणीतली ती लाल चेरी, कागद चिकटलेली, जी आधी कागदासकट तोंडात घालावी लागायची. फेब्रुवारी २०२४ला सगळे ब्रँड रिलायन्सला २७ कोटीला विकले. २७ कोटी! दक्षिण मुंबईत एखाद्या बऱ्या फ्लॅटची किंमत.

हे सगळं "सरकारनं घेतलं ते टिकलं, घरी राहिलं ते गेलं" असं सरळ नाहीये हं, उगाच कुणी तसा निष्कर्ष काढू नका. सरकारी कारखाना तोट्यात गेला तरी बंद करायची हिंमत कुणी करत नाही, खाजगीला ती सोय नाही. आणि ह्यूम पाइप चालू आहेच. एचसीसीनं, म्हणजे हिंदुस्तान कन्स्ट्रक्शननं, कोयना धरण बांधलं, २००९ला वांद्रे-वरळी सी लिंक दिला, आणि त्याच घराण्यातल्यांनी लवासा काढून हात पोळून घेतले, ती कंपनी २०१८ला दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. यातही बघा, दुसऱ्यासाठी बांधून दिलेलं धरण आणि पूल उभे आहेत आणि स्वतः मालक होऊन काढलेलं शहर अडकलं.

किर्लोस्करांशी तुलना नेहमी होते. लक्ष्मणरावांनी १९१०ला किर्लोस्करवाडी वसवली, नांगर स्वतः घडवला, तो विकता विकता धंदा शिकले, त्यांचं नाव त्यांच्या मालावर ओतलेलं असायचं. वालचंदांना कधी कुठलं यंत्र उघडून बघायची हौस होती असं दिसत नाही. त्यांना काम सुरू करायची हौस होती, आणि सुरू झालं की पुढचं.

अपवाद एकच, वालचंदनगर. इंदापूर तालुक्यातलं कळंब, नीरेच्या कालव्याखालची जमीन, तीसच्या दशकात तिथे साखर कारखाना काढला, वसाहत वसवली, शाळा, दवाखाना, सगळं. साखर कारखान्याची यंत्रं दुरुस्त करता करता यंत्रंच बनवायला लागले. माझ्या बॅचमधला एक जण तिथे लागला होता, सुट्टीत आला की आम्ही म्हणायचो काय रे उसाच्या मळ्यात इंजिनिअरिंग करतोस, तर तो नुसता हसायचा. जुलै २०२३ला चांद्रयान-३ उडालं तेव्हा त्याचा फोन आला, बाजूचे ते दोन जाडे पांढरे बूस्टर दिसतायत ना, त्यातले मोठे भाग आमच्याकडे होतात, ट्रेलरवर घालून ऊसाच्या बैलगाड्यांना ओव्हरटेक करत पाठवतो. मी विचारलं गिऱ्हाईक कोण, बिल कोण देतं? म्हणाला, अरे इस्रो, म्हणजे सरकारच की, आणि बिल निघायला वेळ लागतोच.